घोडेबाजारातले स्वार : रोझा बोनर यांचं १८५३चं चित्र

मुक्कामपोस्ट
रविवार, रात्री ९:४०

आज आईला घेऊन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गेले होते. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली आहे. तिचे गुडघे दुखतात, म्हणून ठरवलं होतं की फार फिरायचं नाही, एकोणिसाव्या शतकातल्या युरोपियन चित्रांची दालनं बघायची आणि घरी यायचं. पण एका चित्रासमोर ती जी थांबली ती पाऊण तास हललीच नाही. ते चित्र म्हणजे फ्रेंच चित्रकर्ती रोझा बोनर यांचा 'घोडेबाजार'.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. कॅनव्हास जवळजवळ अडीच मीटर उंच आणि पाच मीटरहून थोडा जास्त रुंद आहे. समोर उभं राहिलं की घोडे आपल्या अंगावरून जाताहेत असंच वाटतं. जागा पॅरिसमधली, ऑपिताल बुलेव्हार. दुतर्फा झाडं, पायाखाली धुरळा, आणि विकायला आणलेले घोडे गोल फिरवले जाताहेत. मधोमध दोन प्रचंड राखाडी-पांढरे घोडे, त्यांचे पुठ्ठे, म्हणजे मागचे मांसल भाग, उन्हात नुसते चकाकताहेत. एक काळा घोडा मागच्या पायांवर उभा राहिलाय. उजवीकडे झाडांखालच्या चढावर गिऱ्हाईकं आणि बघे. डावीकडे लांब एक छोटा घुमट.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, साताऱ्यात टांगा चालवायचे. आईचं बालपण घोड्याच्या वासात गेलं. मी तिला चित्रकर्तीची माहिती वाचून दाखवत होते, पुरुषी वेशात बाजारात जाऊन रेखाटनं करायच्या वगैरे. तिनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, पण यातला एकही घोडा यांचा स्वतःचा नाही."

मी विचारलं, कशावरून? तर म्हणाली, "कपडे बघ की. आणि बसलेत कसे बघ. खोगीर नाही, रिकीब नाही. आपल्या घोड्यावर माणूस असा बसतो का? दुसऱ्याचा घोडा ताब्यात ठेवायला बसलेत ते."

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. आपण घोड्यावरचा माणूस म्हटलं की राजा किंवा सेनापती समजतो. आपल्या चौकाचौकातले पुतळे बघा. फ्रान्समध्येही तेच होतं. चित्रकार दाविदनं १८०१मध्ये आल्प्स ओलांडणारा नेपोलियन रंगवला तो उधळलेल्या घोड्यावर (प्रत्यक्षात गडी खेचरावर बसून गेला होता). त्याचा पुतण्या डिसेंबर १८५२मध्ये सम्राट झाला, आणि त्याच सुमारास ही तिशीतली बाई पाच मीटरचा कॅनव्हास घेऊन त्यावर कोणाला घोड्यावर बसवते? मोतद्दारांना! ज्यांच्या मांडीखालचा घोडा संध्याकाळपर्यंत विकला जाणार आहे.

आपल्या मराठी फौजेत शिलेदार आणि बारगीर असे दोन शब्द होते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. आईचं बोलणं ऐकल्यावर मला वाटलं, हे सगळं चित्र बारगिरांचं आहे. या बाईंबद्दल लिहिणारा प्रत्येक जण विजारीच्या गोष्टीपाशी थांबतो आणि त्या विजारीतून त्यांनी काय पाहिलं ते राहूनच जातं.

इथे चित्रांचे आणि घोड्यांचेही जाणकार आहेत. तुम्हाला काय दिसतं ते लिहा.

पारावरची
रविवार, रात्री १०:१५

फार सुंदर लिहिलंय. आईंना नमस्कार सांगा. मी चित्र नेटवर मोठं करून पाहिलं. माझा एक साधा प्रश्न. हे शहरातलं चित्र आहे म्हणता, मग शहर कुठंय? दुकान नाही, घर नाही, गाडी नाही. नुसती झाडं आणि तो घुमट. ते चर्च आहे का?

मुक्कामपोस्ट
रविवार, रात्री १०:५०

तो घुमट साल्पेत्रिएरचा आहे. ते त्या वेळी बायकांचं मोठं इस्पितळवजा आश्रयस्थान होतं. चौदाव्या लुईच्या हुकमानं १६५६पासून तिथे गरीब, निराधार, म्हाताऱ्या आणि वेड्या ठरवलेल्या बायका ठेवत. ठेवत म्हणजे कोंडतच. त्याआधी तिथे बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. साल्पेत्र म्हणजे सोरा, त्यावरून ते नाव. दिसतो तो घुमट तिथल्या प्रार्थनामंदिराचा.

बाकी शहर का दिसत नाही याचं उत्तर मला नीट देता येणार नाही. पॅरिसकर कोणी आहे का इथे?

सेनकाठ
सोमवार, दुपारी १:२०

आहे, आणि त्याच भागातून रोज जातो. ऑपिताल बुलेव्हार ऑस्टरलित्झ स्टेशनापासून प्लास दितालीपर्यंत जातो. १८६०पर्यंत पॅरिसची जकातीची भिंत त्या वरच्या टोकाला होती. म्हणजे हा बाजार शहरात होता खरा, पण शहराच्या कडेला. शहराला जे लागतं पण डोळ्यांसमोर नको असतं ते सगळं अशा कडेला जातं. घोड्यांचा बाजार तिथे आणि निराधार बायकाही तिथेच. बोनर यांनी दोन्ही एका चौकटीत घेतले.

आजही साल्पेत्रिएर चालू आहे, शेजारच्या पितिए इस्पितळाला जोडून. राजकन्या डायना यांचा मृत्यू १९९७मध्ये इथेच झाला, त्यामुळे नाव अनेकांनी ऐकलं असेल. प्रार्थनामंदिर उघडं असतं, आत जाता येतं. घुमट आठ कोनांचा आहे, बाहेरून काळपट पाटीच्या दगडाचा. बाजाराची खूण म्हणाल तर जवळच्या जोफ्रुआ-सँतिलेर रस्त्यावर अठराव्या शतकातली एक देखणी छोटी इमारत आहे. घोडेबाजारावर देखरेख ठेवणारे पोलीस अधिकारी तिथे बसत. आता आजूबाजूला कार लावलेल्या असतात.

एक गोष्ट तिथे उभं राहिल्यावरच कळते. त्या रस्त्याला चढ आहे. चित्रात उजवीकडे बघे उंचावर बसलेत ते उगाच रचलेलं नाही.

तापीकाठ
सोमवार, रात्री ८:०५

मुक्कामपोस्ट ताई, तुमच्या आईंच्या डोळ्याला सलाम. आमची तिसरी पिढी घोड्यांच्या व्यवहारात. दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीच्या काठावर घोड्यांचा बाजार भरतो, तिथे आजोबांपासून आमची जागा ठरलेली. मला चित्रकलेतलं काही कळत नाही. पण हे चित्र मी मोबाइलवर मोठं करून तासभर पाहिलं आणि नंतर पोराच्या संगणकावर पुन्हा पाहिलं.

आधी एक दुरुस्ती. यात सगळेच घोडे बिथरलेत असं प्रथमदर्शनी वाटतं, पण तसं नाही. बिथरलेले एकदोनच. बाकीचे चाल दाखवताहेत. गिऱ्हाईक उभ्या घोड्यावर पैसे टाकत नाही. तोंड उघडून दात बघतो, वय काढतो, पाय उचलून खूर बघतो, पण शेवटी म्हणतो, "पळवून दाखव." मग आमचं पोरगं घोडा दुडकीनं नेतं आणि आणतं. लंगडा पाय उभ्या घोड्यात लपतो, दुडकीत लपत नाही. या चित्रातला गोल म्हणजे ती परीक्षा आहे. आणि परीक्षक बसलेत उजवीकडच्या चढावर, सावलीत.

मधले दोन राखाडी. हे आपल्याकडचे नुकरे नव्हेत. आपला नुकरा गुलाबी कातडीचा, नाजूक मानेचा, नवरदेवाचा घोडा. हे ओझ्याचे. मानेचा जाडपणा बघा, आयाळ जिथून सुरू होते तिथे मान छातीएवढी आहे. पाय खाली घंटेसारखे. शेपट्या बांधून वर घेतल्या आहेत. जुंपायच्या घोड्याची शेपटी मोकळी सोडली तर जोतात, दोरात अडकते, म्हणून गाडीवाले अशी बांधतात. शिवाय बाजारात एक फायदा, पुठ्ठा पूर्ण उघडा दिसतो. ओझ्याच्या घोड्याची किंमत पुठ्ठ्यात असते. चित्रकर्तीला ते ठाऊक होतं. सगळा उजेड तिने पुठ्ठ्यांवर पाडलाय.

मागच्या पायांवर उभा राहिलेल्या घोड्याबद्दल. अशा वेळी नवखा माणूस लगाम खेचतो आणि घोडा पाठीवर घेऊन पडतो. जाणता माणूस पुढे झुकतो, हात सैल सोडतो. या चित्रात वरचा माणूस पडेल असं मला एकदाही वाटलं नाही. म्हणजे काढणाऱ्या बाईने तो क्षण पुष्कळ वेळा पाहिलेला आहे. एकदा बघून हे काढता येत नाही.

सेनकाठ
सोमवार, रात्री ८:३०

तापीकाठ, तुमच्या प्रतिसादाने मी खुर्चीत सरळ बसलो. ते घोडे पर्शेरॉन. पॅरिसच्या नैऋत्येला पर्श नावाचा प्रांत आहे, तिथली जात. बहुतेक राखाडी किंवा काळे. त्या काळी पॅरिसच्या घोड्यांच्या बसगाड्या, टपालगाड्या हेच ओढत. म्हणजे तुमचा "गाडीवाले" हा अंदाज तंतोतंत आहे.

रेघोटी
मंगळवार, सकाळी ७:१०

मी चित्रकार आहे, कोल्हापूर जिल्ह्यात राहते. विजारीच्या गोष्टीपाशी लोक थांबतात हे मुक्कामपोस्ट यांचं म्हणणं पटतं, पण ती गोष्ट बाजूला सारू नका अशी विनंती आहे. ती या चित्राच्या आतली गोष्ट आहे.

दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा, त्या या बाजारात जाऊन रेखाटनं करत होत्या. त्याआधी कत्तलखान्यांत उभं राहून जनावरांची हाडं-स्नायू शिकल्या. पॅरिसमध्ये १८००पासून असा हुकूम होता की बाईला पुरुषी पोशाख घालायचा असेल तर पोलिसांची लेखी परवानगी हवी. बोनर यांचा जो परवाना आज दाखवला जातो तो १२ मे १८५७चा आहे, म्हणजे हे चित्र पुरं झाल्यानंतरचा. कारण म्हणून प्रकृती लिहिलंय. मुदत सहा महिने, मग पुन्हा नवा. आणि नाटक, नाच, सार्वजनिक समारंभ अशा ठिकाणी त्या वेशात जायचं नाही ही अटही त्यात आहे. म्हणजे कामापुरतीच मोकळीक. तो १८००चा हुकूम रद्दबातल असल्याचं फ्रान्स सरकारने अधिकृतपणे सांगितलं ते २०१३मध्ये.

आता माझं. सात-आठ वर्षांपूर्वी बैलांची मालिका करायची म्हणून मी आठवडी बैलबाजारात वही घेऊन जायला लागले. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत माझ्याभोवती वीस माणसं. कोणी वाईट बोललं नाही, उलट एकाने चहा आणून दिला. पण मी बैल बघायला गेले होते आणि सगळा बाजार मला बघत होता. बैलाच्या वशिंडाची रेघ काढायला घेतली की खांद्यावरून कोणीतरी विचारायचं, कुठल्या पाव्हण्या तुम्ही? चार बाजार असे गेले. शेवटी भावाचा शर्ट, डोक्याला टॉवेल आणि भावालाच सोबत घेऊन जायला लागले, तेव्हा कुठे मला बैल दिसायला लागले.

त्यामुळे त्या विजारीत मला बंड दिसत नाही. निवांत बघता यावं यासाठी मोजलेली ती किंमत आहे. तापीकाठ म्हणतात ना, एकदा बघून काढता येत नाही. पुन्हा पुन्हा बघायचं तर बाजाराने तुम्हाला विसरायला हवं.

तापीकाठ
मंगळवार, सकाळी ७:४५

रेघोटी ताई, पुढच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याला या. आमच्या तंबूसमोर खाट टाकून देतो. दिवसभर कोणी विचारणार नाही.

रेघोटी
मंगळवार, सकाळी ७:५२

येते दादा. नक्की येते.

टेम्सकर
मंगळवार, संध्याकाळी ५:३०

लंडनच्या नॅशनल गॅलरीत याचीच लहान आवृत्ती आहे, साधारण अडीच मीटर रुंद. मूळ चित्र एर्नेस्ट गांबार या विक्रेत्याने ४० हजार फ्रँकना घेतलं आणि त्यावरून छापचित्र करायचं ठरलं. थॉमस लँडसियर यांनी ते कोरलं. कोरणाऱ्याला समोर ठेवायला एवढं मोठं चित्र कसं परवडणार, म्हणून ही लहान आवृत्ती झाली. त्यात बोनर यांच्या आयुष्यभराच्या सोबतीण नाताली मिका यांचाही हात आहे. जेकब बेल यांनी ती १८५९मध्ये गॅलरीला दिली. मी मोठं चित्र पाहिलेलं नाही, पण लहान पाहूनही पाय थबकतात.

मुक्कामपोस्ट, तुमच्या बारगीर-शिलेदार मुद्द्याला धरून एक सांगतो. बोनर या चित्राला स्वतःचं पार्थेनॉनचं शिल्पपट्ट म्हणत. अथेन्सच्या त्या मंदिरावरचा पट्ट निम्म्याच्या आसपास इथे ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नॅशनल गॅलरीपासून पायी वीस मिनिटं. मी काल मुद्दाम दोन्ही लागोपाठ पाहून आलो.

ग्रीक पट्टावरही स्वारांची रांग आहे. तिथेही खोगीर नाही, रिकीब नाही. घोडे फुरफुरताहेत, पाय उचलताहेत, पण वरच्या तरुणांचे चेहरे पाण्यासारखे स्थिर. ते अथेन्सचे नागरिक, देवीच्या उत्सवाला निघालेले. घोडा उसळतो आणि माणूस शांत, हाच त्यांचा तोरा. तिथून बोनर यांच्या चित्रासमोर आलो तर घोडे तेच, ऐट तीच. माणसं मात्र घामाघूम. बाह्या वर सरकवलेल्या, दंड ताणलेले, पाठी वाकलेल्या. त्यांनी उत्सवाची मांडणी घेतली आणि तिच्यात मजूर बसवले. तुमच्या आई म्हणाल्या ते मला पट्टासमोरून आल्यावर पूर्ण पटलं.

जुनापुराणा
मंगळवार, रात्री ११:००

चर्चा उत्तम चालली आहे, तरी मला थोडा विरोध नोंदवावासा वाटतो. बोनर या प्राण्यांच्या चित्रकार. आधी १८४९मध्ये त्यांनी निवेर्ने प्रांतातली नांगरट रंगवली, आज ती ओर्से संग्रहालयात आहे. तिथेही बैलच नायक, माणसं मागे मागे. इथे माणसं आहेत ती घोडे धरायला कोणीतरी हवं म्हणून. त्यांच्यात आपण कष्टकऱ्यांची बाजू शोधली तर ते आपलं वाचन झालं, चित्रकर्तीचं नव्हे.

आणि चित्राचा प्रवास पाहा. इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाने राजवाड्यात मागवून पाहिलं. मग अमेरिकेत गेलं, तिथे ए. टी. स्टुअर्ट या कापडसम्राटाकडे. त्यांच्या संग्रहाच्या लिलावात १८८७मध्ये कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांनी ५० हजार डॉलरहून जास्त देऊन घेतलं आणि मेट्रोपॉलिटनला दिलं. श्रीमंतांना या चित्रात मोतद्दार दिसले असते तर त्यांनी ते दिवाणखान्यात लावलं असतं का? त्यांना जातिवंत जनावरं दिसली. १८६५मध्ये सम्राज्ञी युजेनी स्वतः बोनर यांच्या घरी जाऊन लेजन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा राष्ट्रीय सन्मान देऊन आली. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला कलावंत. सरकार त्यांच्यावर नाराज नव्हतं.

मुक्कामपोस्ट
बुधवार, सकाळी ६:५५

जुनापुराणा काका, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मी रात्रभर त्यावर विचार केला. बोनर राजकीय चित्र काढत होत्या असं मी म्हणत नाही. पण श्रीमंतांनी विकत घेतलं म्हणून चित्रातली माणसं पुसली जात नाहीत. कोणी घ्यायचं ते चित्राच्या हातात नसतं. घोड्याच्याही नसतं.

आणखी एक. सरकारी चित्रासाठी बोनर यांनी दोन विषय पुढे ठेवले होते, हा घोडेबाजार आणि ओव्हेर्न्य प्रांतातली गवतकापणी. मंत्री मोर्नी यांनी गवतकापणी निवडली. घोड्यांच्या कामाचा पुरेसा अनुभव नाही असं त्यांना वाटलं म्हणे. तरी बोनर यांनी घोडेबाजार आधी पुरा केला, कोणी मागितलेला नसताना, एवढ्या अवाढव्य आकारात. एवढा आकार त्या काळी युद्धांना, राज्याभिषेकांना, पुराणकथांना देत. बाजारातल्या सकाळीला देत नसत. माझ्या दृष्टीने त्यांचं म्हणणं त्या मापात आहे.

रेघोटी
बुधवार, दुपारी १२:४०

काकांना आणखी एक बाजू सांगते. रोझा यांचे वडील रेमों बोनर हेही चित्रकार, आणि सँ-सिमोनवादी. श्रमाला मान, स्त्रीपुरुष समान, असा तो पंथ. लेकीला त्यांनी चित्रकला शिकवली ती त्याच विचाराने. पण १८३२मध्ये ते घरदार सोडून पंथाच्या लोकांत राहायला गेले आणि आई सोफी मागे राहिली. पियानोच्या शिकवण्या आणि शिवणकाम करून तिने चार मुलं ओढली. पुढच्याच वर्षी ती गेली. रोझा तेव्हा अकरा वर्षांच्या. आईच्या स्वतंत्र थडग्यालाही घरात पैसे नव्हते.

लहानपणी रोझा यांना अक्षरं येईनात, तेव्हा याच आईने प्रत्येक अक्षरासाठी एक प्राणी काढायला लावला होता. अक्षरं प्राण्यांतून आली आणि मग प्राणी सुटलेच नाहीत.

समानतेचा विचार घरात होता आणि त्या घरात आई कामाने खचून गेली. असं पाहिलेली मुलगी मोठी झाल्यावर माणसांचे दंड आणि पाठी उगाच भरायच्या म्हणून भरेल, हे मला पटत नाही. घोडे धरायला कोणीतरी हवं होतं म्हणता, पण धरणं हेच तर या चित्रातलं काम आहे.

जुनापुराणा
बुधवार, दुपारी २:१०

आईची ही हकीकत मला माहीत नव्हती. धन्यवाद. "धरणं हेच काम" या वाक्याने माझी अडचण बरीच सुटली. श्रीमंतांना काय दिसलं हा माझा मुद्दा तरी मी सोडत नाही, पण तो चित्राबद्दल नसून त्यांच्याबद्दल आहे हे मान्य.

पारावरची
बुधवार, रात्री ९:००

वाचता वाचता चित्र परत उघडलं. मधल्या गर्दीत एक स्वार आहे, निळसर सदरा, डोक्याला टोपी, दाढीमिशी नाही. बाकी सगळे घोड्यांकडे बघताहेत आणि हा एकटाच थेट आपल्याकडे बघतोय. मी दचकलेच. कोण आहे तो?

टेम्सकर
बुधवार, रात्री ९:२५

काही अभ्यासकांच्या मते त्या स्वतः रोझा बोनर आहेत.

पारावरची
बुधवार, रात्री ९:२७

म्हणजे बाजाराने विसरावं म्हणून वेश बदलला आणि चित्रात मात्र सगळ्यांच्या मधोमध घोड्यावर बसून आपल्याकडे बघितलं. अंगावर काटा आला.

रेघोटी
बुधवार, रात्री ९:४०

आणि बसल्या कुठे ते पाहा. चढावर, सावलीत, बघ्यांत जागा होती. चित्रकार तिथेच बसतो खरं तर, मीही बैलबाजारात तशीच जागा शोधायचे. त्या मात्र धरणाऱ्यांत बसल्या.

मुक्कामपोस्ट
शनिवार, संध्याकाळी ६:३०

आज एकटीच पुन्हा जाऊन आले. आईला म्हटलं चल, पण ती म्हणाली, मला आता डोळे मिटले की दिसतं, तू जा.

या वेळी आधी जवळ गेले, जेवढं सुरक्षारक्षक जाऊ देतात तेवढं. लांबून गुळगुळीत वाटणारी जमीन जवळून अगदी मोकळ्या, भराभर फटक्यांची आहे. धूळ, खुरांच्या सावल्या, सगळं एकमेकांत मिसळलेलं. घोड्यांच्या अंगावर मात्र प्रत्येक फटका स्नायूच्या दिशेने गेलाय. तापीकाठ यांनी सांगितलेली बांधलेली शेपटीही पाहिली. पूर्वी मला ती दिसलीच नव्हती, दिसली असती तरी शोभेची वाटली असती.

खाली उजव्या कोपऱ्यात सही आहे. रोझा बोनर, आणि साल १८५३, त्यापुढे टिंब देऊन ५. सलोन या पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात १८५३ साली एवढं गाजल्यावर, पुढे गेंट आणि बोर्दो इथे दाखवून झाल्यावर, १८५५मध्ये त्यांनी ते परत हातात घेऊन दुरुस्त केलं. त्याची ही नोंद. आपल्या जन्मगावाने, बोर्दोने, ते घेतलं नव्हतं, म्हणून ते परत हाताशी आलं.

बाहेर पायऱ्यांवर बसून आईला फोन केला आणि मधल्या स्वाराबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "असेल बाई तीच." मग थोडा वेळ गप्प राहिली आणि तिने विचारलं, "त्या पोरांचं काय गं? घोडे विकले गेल्यावर ती घरी कशी गेली असतील?"

तापीकाठ
शनिवार, रात्री १०:२०

ताई, आईंना सांगा, चालत.

माझे आजोबा बाजारातून घोडा विकून यायचे तेव्हा लगाम खांद्यावर टाकून यायचे. घोडा द्यायचा, लगाम द्यायचा नाही, असं आमच्या घरात होतं. येताना तापीवर थांबून लगाम धुवायचे. घरी आले की आजी काही विचारायची नाही. खांद्यावर लगाम दिसला की ती आधी पाणी तापवायला ठेवायची.